सहन कर, असं कोणी कोणाला म्हणावं?

॥ राम कृष्ण हरी ॥

आजचे वाचन : श्रीमद्भगवद्गीता, अध्याय दुसरा, श्लोक १४



काल आपण देह आणि देही यांचा विचार केला. बालपण, तारुण्य, म्हातारपण देहाला येतं, आत राहणारा बदलत नाही, इथपर्यंत आलो होतो. आजचा श्लोक त्याच्या लगेच पुढचा. भगवंत म्हणतात, इंद्रियांचा बाहेरच्या गोष्टींशी स्पर्श झाला की थंडी, ऊन, सुख, दुःख उत्पन्न होतं. ते येतं आणि जातं, कायम राहत नाही. म्हणून ते तू सोस. कीर्तनात, प्रवचनात आपण 'तितिक्षा' हा शब्द ऐकतो, तो या सोसण्याचाच.

श्लोक सोपा वाटतो. मी तो किती वर्षं वाचतेय. पण आज अर्थ सांगण्याआधी मला तुमच्यापुढे एक कबुली द्यायची आहे. हाच श्लोक मी एकदा फार वाईट तऱ्हेने वापरला, आणि तोही माझ्या पोटच्या लेकीवर.

गेल्या वर्षीची गोष्ट. लेक पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली होती. आठवा महिना सरत आला होता. दुपारची वेळ, आम्ही दोघी जुन्या सुती साड्या फाडून दुपटी शिवत बसलो होतो. बोलता बोलता ती म्हणाली, "आई, मी डॉक्टरांशी बोललेय. कळा फारच असह्य झाल्या तर मी एपिड्युरल घेणार आहे." पाठीच्या कण्याजवळ खालच्या बाजूला बारीक नळी घालून भुलीचं औषध देतात, बाई जागी राहते पण कळांचं दुखणं पुष्कळ कमी होतं, हे तिने मला समजावून सांगितलं.

माझ्या कपाळावर आठी आली असणार. मी म्हटलं, "एवढं काय गं घाबरायचं? आम्ही नाही का सोसलं? बाईच्या जातीला देवाने ती शक्ती दिलेलीच असते." आणि वर गीतेचा हा श्लोक म्हणून दाखवला. अर्थासकट. येतं आणि जातं, सोसावं.

ती काही बोलली नाही. दुपट्याची कड दुमडत राहिली. थोड्या वेळाने तिने विचारलं, "आई, दवाखान्यात एकाला आत थांबू देतात. ह्यांना ते बघवणार नाही. तू येशील का आत?"

मी पटकन म्हटलं, "मी बाहेर बसून जप करीन ना तुझ्यासाठी."

"म्हणजे आत मी एकटीच," ती म्हणाली. रागाने नाही, नुसतं हिशेब सांगावा तसं. आणि उठून चहा टाकायला गेली.

मंडळी, त्या रात्री मला झोप लागली नाही. तिचं वाक्य तर डोक्यात होतंच, पण खरं कारण वेगळं होतं. 'बाहेर बसून जप करीन' हे माझ्या तोंडून इतक्या पटकन का निघालं, ते मला आतून माहीत होतं. मला त्या खोलीची भीती वाटत होती.

१९९१ साली एका तालुक्याच्या गावी माझं पहिलं बाळंतपण झालं. तेव्हा घरच्या कुणालाही आत सोडत नसत. माझी आई बाहेर बाकावर. आत मी, आणखी दोन बायका, आणि एक आयाबाई. मी ओरडले तर तिने मांडीवर फटका मारला आणि जे बोलली ते मी इथे लिहिणार नाही. ज्यांनी ऐकलंय त्यांना ते माहीत आहे, आणि ज्यांनी ऐकलं नाही त्यांनी ऐकू नये. कळांचं दुखणं मी विसरले. खरंच विसरले. ते शब्द मात्र इतक्या वर्षांनी जसेच्या तसे आठवतात.

ज्ञानेश्वर माऊली या श्लोकाचं विवरण करताना एकेका इंद्रियाचा विचार करतात. कानाच्या बाबतीत ते निंदा आणि स्तुती यांची गोष्ट काढतात. शब्द कानावर पडतो आणि आत सुख किंवा दुःख उमटतं. म्हणजे माऊलींच्या हिशेबात शब्दाचा घाव हाही स्पर्शाचाच एक प्रकार. मला हे वाचायला किती तरी वर्षं लागली, पण त्या खोलीत मला सगळ्यात जास्त जे लागलं ते कानातून आत गेलं होतं.

बाहेर आल्यावर आई म्हणाली होती, "झालं ना? सोसावंच लागतं बाई." आणि मी ते 'सोसणं' पदकासारखं छातीवर लावून घेतलं. पुढे गीता वाचू लागले तेव्हा त्या पदकाला श्लोकाचा आधारही मिळाला. माझी भीती मी श्लोकाखाली झाकून ठेवली होती, आणि त्या दुपारी लेकीच्या हातात तेच ओझं देत होते.

त्या रात्री उठून पोथी उघडली. श्लोक तोच, पण दोन गोष्टी नव्याने दिसल्या.

पहिली गोष्ट, हा श्लोक कोण कुठे बसून सांगतोय? भगवंत काही द्वारकेतून निरोप पाठवत नाहीत. ते रथावर आहेत, आणि तेही सारथ्याच्या जागी, अर्जुनाच्या पुढे. समोरून बाण आले तर ते आधी सारथ्याच्या अंगावर येणार. हातात शस्त्र न घेण्याचा शब्द त्यांनी दिलेला आहे, म्हणजे अर्जुनाच्या वतीने ते लढू शकत नाहीत. दुःख काढून घेणार नाहीत, पण रथातून उतरणारही नाहीत. अशा जागी बसून ते 'सोस' म्हणतात. मी मात्र बाहेरच्या बाकावर बसून ते म्हणत होते.

दुसरी गोष्ट. या श्लोकात भगवंत अर्जुनाला 'कौन्तेय' म्हणून हाक मारतात. कुंतीचा मुलगा. सुखदुःख सोसण्याचा विषय निघाला आणि हाक आली ती आईच्या नावाने. याचा मोठा शास्त्रार्थ काढण्याची माझी योग्यता नाही. पण त्या रात्री मला वाटलं, ज्या बाईने याच्यासाठी कळा सोसल्या तिची आठवण इथे आहे.

मग मनात प्रश्न उभा राहिला, आणि आजच्या चिंतनाचा तोच विषय आहे. दुःख सोसणं हे पुण्य आहे का? असेल, तर ते कमी करण्याचा उपाय हाताशी असताना तो नाकारणं हे जास्त मोठं पुण्य होईल का? आणि दुसऱ्याला 'सोस' असं सांगण्याचा अधिकार कुणाला?

हा प्रश्न फक्त आपल्याच घरात पडतो असं नाही. १८४७ साली स्कॉटलंडमध्ये जेम्स यंग सिम्प्सन या डॉक्टरांनी बाळंतपणात भूल द्यायला सुरुवात केली. बायबलात बाळंतपणाच्या वेदनांचा उल्लेख आहे, मग त्या कमी करणं धर्माविरुद्ध नाही का, या आक्षेपाला त्यांना छापील उत्तर द्यावं लागलं होतं. पुढे १८५३ मध्ये व्हिक्टोरिया राणीने स्वतःच्या बाळंतपणात क्लोरोफॉर्म घेतलं आणि पुष्कळांची तोंडं बंद झाली. धर्मग्रंथ कुठलाही असो, बाईच्या दुखण्यापुढे तो आडवा धरायची खोड माणसाला असते. मला तरी कुठे चुकली?

गीतेने याचं उत्तर दिलेलं आहे, फक्त ते शोधायला सतराव्या अध्यायात जावं लागतं. तिथे तपाचे प्रकार आहेत. शास्त्रात न सांगितलेलं घोर तप करून जे शरीराला उगीच पीडा देतात, ते आत बसलेल्या मलाच कष्टवतात, असं भगवंत म्हणतात, आणि अशांना आसुरी म्हणतात. पुढे पुन्हा, मूढ हट्टाने स्वतःला पीडून केलेलं तप ते तामस ठरवतात. म्हणजे दुखणं हेच तप, असा गीतेचा हिशेब नाही. दुःख टाळता येत नसेल तेव्हा चित्त सांभाळणं ही तितिक्षा. टाळता येत असताना ते मिरवणं ही दुसरीच कुठली तरी गोष्ट आहे.

माझ्या आईची धाकटी बहीण पहिल्या बाळंतपणातच गेली. मी तेव्हा लहान होते. शेवटच्या महिन्यात तिचं डोकं ठणकत असायचं, डोळ्यांपुढे अंधारी यायची, पाय आणि चेहरा सुजलेला. ती कुणाला बोलली नाही. मग झटके आले, आणि बैलगाडी करून नेईपर्यंत सगळं संपलं. आज आपल्याला माहीत आहे की ही रक्तदाब वाढल्याची लक्षणं असतात आणि वेळेवर दवाखाना गाठला तर आई आणि बाळ दोघंही वाचू शकतात. पण आजी शेवटपर्यंत मावशीचं कौतुक करायची, "पोरीने कधी तोंडातून शब्द काढला नाही." मंडळी, तिने शब्द काढायला हवा होता. आपण ज्या गुणाचं कौतुक करतो तोच कधी कधी जीव घेतो. अशा सोसण्याला तितिक्षा हे नाव देऊ नये.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी लेकीला म्हटलं, "मी येते आत. आणि ते इंजेक्शन घ्यायचं की नाही ते तू ठरव." ती म्हणाली, "घाबरशील." मी म्हटलं, "घाबरेन. पण येईन."

त्यानंतरचे पाच आठवडे आम्ही दोघींनी मिळून तयारी केली. पूर्वी मला वाटायचं की फार तयारी करणं म्हणजे देवावर भरवसा नसणं. आता मी उलट म्हणेन. फळ आपल्या हातात नाही, पण कर्म आहे, आणि ते नीट करायचं आहे. लोहाच्या गोळ्या न चुकता घेणं हे कर्म. बॅग भरून दाराजवळ ठेवणं हे कर्म. रात्री दोन वाजता गाडी कोण काढणार, नाही जमलं तर कुणाला फोन, रक्तगट कोणता, फाईल कुठे, हे सगळं कागदावर लिहून फ्रिजला चिकटवणं हेही कर्मच. रक्तस्राव झाला, पाणमोट फुटली, बाळाची हालचाल कमी वाटली, डोकं फार दुखलं, दिसायला अंधुक झालं, ताप आला किंवा झटके आले, तर कळांची वाट न बघता निघायचं, हेही त्याच कागदावर लिहिलं होतं. मावशीच्या नावाने मी तो कागद रोज वाचत असे.

डॉक्टर मॅडमनी कळांची माहिती दिली ती ऐकून मी चकित झाले. कळ सलग नसते. ती लाटेसारखी चढते, वर जाते, उतरते. जोरात आलेल्या वेळीही एक कळ साधारण मिनिटभराची. मग मध्ये काही वेळ मोकळा. त्या मोकळ्या वेळात शरीर ढिलं सोडायचं, घोटभर पाणी प्यायचं, पुढच्या कळेचा विचार करायचा नाही. खोट्या कळा चालल्याने, कूस बदलल्याने बहुधा थांबतात. खऱ्या थांबत नाहीत, त्या जवळ जवळ येत जातात आणि वाढत जातात. मी मनात म्हटलं, अरे, आजच्या श्लोकात येणारं आणि जाणारं म्हणतात ते हेच की! भगवंत सांगतात ती गोष्ट बाईच्या देहाला आधीपासून ठाऊक आहे. 'दुःख खोटं आहे' असं श्लोक म्हणत नाही. ते येतं, खरंच येतं. आणि जातं, तेही खरंच. दोन्ही खरं मानायचं.

एपिड्युरलचीही नीट चौकशी केली. सगळ्याच दवाखान्यांत ही सोय नसते, कारण त्यासाठी भूलतज्ज्ञ हजर असावा लागतो. रक्तदाब थोडा उतरू शकतो, पाय जड होतात, जोर लावण्याची वेळ लांबू शकते आणि कधी चिमटा किंवा व्हॅक्यूम लावावा लागण्याची शक्यता वाढते. निर्धोक कुठलाच उपाय नसतो. पण निरोगी बाईने दुखणं कमी करण्यासाठी मागितली तर ही सोय द्यावी, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या शिफारशींतही आहे. त्याच शिफारशींत आणखी एक गोष्ट आहे, बाईला हवी ती सोबत तिच्याजवळ असू द्यावी आणि तिला सन्मानाने वागवावं. सोबतीवर बरेच अभ्यास झाले आहेत. २०१७ च्या एका मोठ्या आढाव्यात २६ अभ्यास आणि १५ हजारांहून जास्त बायकांची माहिती एकत्र केली होती. जवळ कुणीतरी सतत असलं तर कळांचा काळ थोडा कमी होतो, आपोआप सुटका होण्याची शक्यता वाढते, आणि बाळंतपणाचा अनुभव वाईट होता असं म्हणणाऱ्या बायका कमी होतात, असं त्यात दिसलं. आपल्याकडे २०१७ साली सरकारी दवाखान्यांसाठी 'लक्ष्य' नावाचा कार्यक्रम सुरू झाला, त्यातही प्रसूतीच्या वेळी सोबत आणि सन्मानाची वागणूक या गोष्टी धरलेल्या आहेत. आपल्या ओळखीत कुणी सरकारी दवाखान्यात जाणार असेल तर याची आधी चौकशी करायला सांगा.

हे वाचताना मला सोयराबाईंची गोष्ट आठवली. वारकऱ्यांत ती सगळ्यांना माहीत आहे. सोयराबाईंचे दिवस भरले होते, घरात काही नव्हतं, आणि चोखोबा घर सोडून बहिणीच्या, निर्मळेच्या गावी निघून गेले. तेव्हा पांडुरंग निर्मळेचं रूप घेऊन आला आणि नणंद म्हणून त्याने सोयराबाईंचं बाळंतपण केलं. ही गोष्ट मी लहानपणापासून ऐकत आले. पण त्यात देवाने काय केलं नाही, हे कधी लक्षात घेतलं नव्हतं. त्याने कळा नाहीशा केल्या नाहीत. 'सोस' असा उपदेश केला नाही. तो नणंद होऊन आला आणि चूल पेटवून पाणी तापवलं असेल, पाठ चोळली असेल, वार नीट पडली का पाहिलं असेल, बाळाला न्हाऊ घातलं असेल. आणि ज्या घराच्या सावलीलाही लोक विटाळ मानत होते त्या घरात, ज्या प्रसंगालाही विटाळ मानत होते त्या प्रसंगी, तो आला. देवाला दोन्ही विटाळ लागले नाहीत.

आषाढातली रात्र होती. एकच्या सुमारास लेकीने हाक मारली. घरी काही तास आम्ही फेऱ्या मारल्या, तिने कोमट पाण्याने अंघोळ केली, जावई घड्याळ घेऊन कळा मोजत बसले. पाच-पाच मिनिटांवर आल्या तेव्हा निघालो. सकाळी सहाला दवाखान्यात पोचलो तर गर्भाशयाचं तोंड तीन सेंटीमीटरच उघडलेलं. 'अजून वेळ आहे,' सिस्टर म्हणाल्या. दाराशी माझे पाय थबकले. तोच वास, तोच पांढरा उजेड. मी मनात सारथ्याला हाक मारली आणि आत गेले.

आत जाऊन मी फार काही केलं नाही. कमरेवर तळहात दाबून धरला. ओठांना पाणी लावलं. कळ चढली की तिच्याबरोबर श्वास सोडत राहिले. कळ उतरली की एवढंच म्हणायचे, "ही गेली. आता सैल सोड." सतराव्या अध्यायात वाणीचं तपही सांगितलंय, समोरच्याला उद्वेग होणार नाही असं, खरं, प्रिय आणि हिताचं बोलणं. लेबर रूममध्ये हे तप फार कठीण आहे. 'झालंच आता' म्हणणं प्रिय असतं, पण खरं नसतं. 'अजून खूप वेळ आहे' हे खरं असतं, पण त्या घडीला हिताचं नसतं. 'ही गेली' हे मात्र तिन्ही होतं.

अकराच्या सुमारास ती म्हणाली, "आई, मला नाही जमत आता. मला ते द्या." आणि माझ्याकडे बघितलं. ती परवानगी मागत होती, मंडळी. एवढी शिकलेली, कमावती पोरगी, त्या क्षणी माझ्या तोंडाकडे बघत होती, मी काय म्हणते म्हणून. आठवड्यांपूर्वीचा तो श्लोक अजून तिच्या मानेवर होता. मी तिच्या केसांवरून हात फिरवला आणि सिस्टरना म्हटलं, "भुलीच्या डॉक्टरांना बोलवा." औषध लागू झाल्यावर ती तासभर झोपली. मी तिच्याकडे बघत बसले.

चार वाजता बाळाचे ठोके कमी होऊ लागले. डॉक्टर मॅडम आल्या, कुशीवर वळवलं, ऑक्सिजन लावला, थोडी वाट पाहिली. मग म्हणाल्या, सिझर करायला हवं, आत्ता. तिथे मला आत जाता येणार नव्हतं. ट्रॉली आत गेली, दार लागलं, आणि मी पुन्हा बाहेरच्या बाकावर. शेजारी जावई. तिथे मात्र मी जप केला. पण तो जप वेगळा होता. जिथपर्यंत जाता येत होतं तिथपर्यंत जाऊन आल्यानंतरचा. पाच वाजायच्या आत बाळ रडल्याचा आवाज आला. नात झाली. पावणेतीन किलोची.

गोष्ट इथे संपायला हवी होती, पण नाही संपली. तिसऱ्या दिवसापासून भेटायला येणारे सुरू झाले, आणि प्रत्येकाचा पहिला प्रश्न, "नॉर्मल की सिझर?" एक ओळखीच्या बाई म्हणाल्या, "ते पाठीत इंजेक्शन घेतलं ना, म्हणून फाडावं लागलं." मी त्यांना शांतपणे सांगितलं की एपिड्युरलमुळे सिझर वाढतात असं अभ्यासांत दिसलेलं नाही. त्यांना ते पटलं नसावं. रात्री लेक बाळाला पाजत होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी. म्हणाली, "आई, इतके तास केलं आणि शेवटी मला नाहीच जमलं."

मी तिला काय सांगू? गीतेतलं फळाचं वाक्य सांगावं असं ओठावर आलं होतं. पण आता मी शिकले होते. आधी तिच्याजवळ सरकून बसले. पाठीशी उशी नीट केली. मग म्हटलं, "तुला कुणी परीक्षेला बसवलं नव्हतं गं. ही बघ ही. हिला यायचं होतं, तू तिला आणलंस. दार कुठलं होतं याने तिला काय फरक पडतो?" ती थोडी हसली, टाके दुखले म्हणून थांबली. पण तिचं रडणं त्या रात्रीनंतर लगेच थांबलं असं मी लिहिणार नाही. पुढे दोन-तीन आठवडे ती मधूनच रडायची. आम्ही डॉक्टरांना सांगितलं. बाळंतपणानंतर असं मन हळवं होतं, पण ते फार दिवस राहिलं, झोप-जेवण सुटलं, बाळाकडे बघवेना झालं, तर तोही आजारच, त्यावर उपचार असतात, असं त्या म्हणाल्या. तेही सोसत बसायचं नसतं. लेकीला हळूहळू बरं वाटलं.

मग तितिक्षा कुठे राहिली? मला विचाराल तर ती जागोजागी होती. कळेबरोबर श्वास सोडण्यात होती. 'मला आता मदत हवी' हे न लाजता म्हणण्यातही होती, कारण त्यालाही धीर लागतो. ठरवलेलं सगळं एका क्षणात बदललं तेव्हा सहीसाठी पेन हातात घेण्यात होती. औषधाशिवाय बाळंत होण्याची जिची इच्छा आहे आणि जिला ते साधतं, तिचंही मला तितकंच कौतुक आहे. निवड तिची असली म्हणजे झालं. सोसण्याचा निर्णय सोसणाऱ्याने करायचा. बाकीच्यांनी रथात चढायचं.

एक गोष्ट मला अजून टोचते. १९९१ च्या त्या खोलीत ती आयाबाई रोज किती बायकांच्या किंकाळ्या ऐकत असेल, किती तास उभी असेल, तिला कधी कुणी पाणी विचारलं असेल का? तिच्या रथात कोण होतं? मी तिला माफ केलं असं मोठ्या तोंडाने म्हणत नाही. ते अजून पूर्ण झालेलं नाही. पण आता तिची आठवण आली की रागाबरोबर हा प्रश्नही येतो. आपल्यापैकी कुणी या सेवेत असाल, सिस्टर, आशाताई, मावशी, तर तुम्हाला माझा साष्टांग नमस्कार, आणि एकच विनंती. तुमचा एक शब्द ती बाई जन्मभर जपून ठेवणार आहे. तो चांगला असू द्या.

आजचा छोटासा अभ्यास : दिवसभरात 'सहन कर', 'होईल सवय', 'सगळ्यांनाच होतं' हे शब्द ओठावर आले तर क्षणभर थांबा. मी कुठे बसून हे बोलतोय, रथात की बाकावर, एवढं स्वतःला विचारा. आणि घरात कुणाचे दिवस भरत आले असतील तर आज तिला विचारा, "आत तुझ्याबरोबर कोण हवं?" जे उत्तर येईल ते ऐका.

प्रार्थना : पांडुरंगा, सोयराबाईंच्या घरी तू नणंद होऊन आलास. आज रात्री जी जी अडली असेल तिच्याजवळ कुणाच्या तरी रूपाने जा. आणि तुला रूप लागत असेल तर आमच्यापैकी कुणाचंही घे, आम्ही घाबरलेले असलो तरी.

उद्या श्लोक १५. सुखदुःखात सम राहणारा धीर पुरुष कोण, ते पाहू. नातीला आज दात दिसलाय, त्यामुळे उद्याचं चिंतन थोडं उशिरा आलं तर सांभाळून घ्या.

राम कृष्ण हरी.